हावभाव, हातवारे, खूण की देहबोली?

प्रश्न
संवादावरचा एक लेख संपादनासाठी हाती आहे. लेखकाने 'हावभाव', 'हातवारे', 'खाणाखुणा', 'देहबोली' हे शब्द आलटून पालटून वापरलेत. समानार्थी धरून एकच ठेवला तर चालेल? आणि नजरेतून होणाऱ्या सगळ्याच व्यवहाराला 'नेत्रपल्लवी' म्हटलंय, ते खटकतंय.

प्रतिसाद
एकच ठेवलात तर लेखाचा मुद्दाच जाईल. खूण ठरलेली असते. ओठांवर बोट ठेवलं की 'गप्प बस' हे वेगळं बोलावं लागत नाही. ठरलेली असते म्हणूनच मुलूख बदलला की ती उलटूही शकते. बल्गेरियात मान वरखाली हलवली तर तो नकार.

हातवाऱ्यांचं तसं नाही. 'जिना असा गोल गोल वर जातो' म्हणताना बोट हवेत गिरक्या घेतं. वाक्य काढून टाका आणि नुसती गिरकी बघा: भोवरा, पंखा, चक्कर, काहीही असू शकेल. वाक्याबरोबर मात्र तीच गिरकी जिना उजवीकडे वळतो की डावीकडे तेही दाखवून जाते, आणि हे शब्दांत कुठेच आलेलं नसतं. मानसभाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९९२ साली सविस्तर मांडलं ते हेच, की असे हातवारे आणि बोलणं मिळून एकच व्यवस्था असते. फक्त मराठीत 'हातवारे' शब्दाला किंचित नापसंतीचा वास आहे ('हातवारे करून भांडत होता'), 'अंगविक्षेपा'ला तर फारच. तटस्थ लिहायचं असेल तर 'हातांच्या हालचाली' बरं.

'हावभाव' मुख्यतः चेहऱ्याचे. मुळात भाव, हाव आणि हेला हे नाट्यशास्त्रातले नायिकेचे अलंकार, म्हणजे तिचं प्रेम दाखवणाऱ्या छटा. शृंगाराचा तो रंग आता पार उडालाय.

प्रतिसाद
हातवारे शेवटी समोरच्याला दिसावेत म्हणूनच ना? मग तीही खूणच झाली.

प्रतिसाद
फोनवर बोलणाऱ्याचा मोकळा हात बघा! त्याहून पक्का पुरावा हवा असेल तर आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास आहे. जन्मांध मुलं बोलताना हात हलवतात, ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना हलवतात. त्यांनी कुणाचे हातवारे कधी पाहिलेलेच नसतात. खूण दुसऱ्यासाठी असते; हातवारे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचारालाही लागतात.

माझा खरा राग 'देहबोली'वर आहे. 'बोली' म्हटलं की लोक लगेच तिचा शब्दकोश मागतात. मग हाताची घडी म्हणजे अविश्वास, नाक खाजवलं म्हणजे खोटं, असले तक्ते निघतात. जोडीला 'संवादातला ९३ टक्के भाग शब्दांविना होतो' हे पालुपद. तो आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा यांवरून बोलणाऱ्याची आवडनिवड ओळखायची होती. सगळ्या संवादाला तो लावता येत नाही. लेखात असेल तर आधी काट मारा.

प्रतिसाद
नेत्रपल्लवीबद्दल: ती दोघांत चालते, तिसऱ्याच्या देखत आणि त्याला कळू न देता. चोरटेपणा हवाच. तिची बहीण करपल्लवी तर चक्क सांकेतिक लिपी आहे. नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र केलं की च-वर्ग. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी आणि मात्रा चुटक्यांनी. म्हणजे ती खुणांच्याही पलीकडे, थेट अक्षरांपर्यंत जाते. (शाळेत ही माहीत असती तर!)

रोजच्या नजरेचं काम निराळं. हातवारे आणि नजरेचे अभ्यासक ॲडम केंडन यांनी १९६७ मध्ये समोरासमोर बोलणाऱ्यांच्या नजरा टिपल्या. लांब बोलायला सुरुवात करताना माणूस बहुधा दुसरीकडे बघतो, संपत आलं की पुन्हा ऐकणाऱ्याकडे. तेवढ्यावरून दुसऱ्याला कळतं, आता आपली पाळी. याला नेत्रपल्लवी म्हणू नये, साधं 'नजरेचा इशारा' पुरे.

प्रतिसाद
त्याच अनुषंगाने, लेखात 'नजर चुकवली' कुठे कुठे आलंय तेही तपासा. 'चुकवणे' म्हटलं की लपवाछपवी आली, अपराधीपणा आला. शब्द शोधताना छताकडे बघणारा माणूस नजर चुकवत नसतो. तिथे 'नजर वळवली' किंवा 'दुसरीकडे पाहिलं' करा. 'कटाक्ष टाकला' मात्र तिरक्या नजरेसाठीच राखून ठेवा, सरळ रोखून पाहणाऱ्याला तो शोभत नाही.