गाड्यांच्या फिटमेंटचा (कुठला पार्ट कुठल्या गाडीला बसतो याचा) डेटा कसा सांभाळता? एक्सेल आता झेपत नाहीये

पार्टवाला:
ब्रेक पॅड, फिल्टर, सस्पेन्शनचे पार्ट ऑनलाइन विकतो. सप्लायरच्या शीटमध्ये "अमुक मॉडेल २०१२-१८" एवढंच असतं, तेच डिस्क्रिप्शनमध्ये जातं. रिटर्न बघितले तर बहुतेक "बसला नाही" म्हणूनच. साल-कंपनी-मॉडेल निवडायचा ड्रॉपडाउन लावायचाय पण डेटा कसा मांडू ते कळेना, प्रत्येक गाडीचा टॅग करत बसलो तर एका ऑइल फिल्टरलाच शंभर टॅग होतील.

डेटा_हमाल:
टॅगच्या नादी लागूच नका. तीन टेबल करा, पार्ट वेगळे, गाड्या वेगळ्या आणि मधे "हा पार्ट या गाडीला" एवढंच सांगणारं तिसरं. गाडीला स्वतःचा आयडी द्या, नावावर जुळवायला गेलात तर एक जण डॅश घालतो, एक जण स्पेस, मग बसा शोधत. आणि २०१२-१८ फोडून सात ओळी करा, दिसायला पसारा वाटतो पण उद्या फक्त २०१५ काढायचं झालं तर एक ओळ उडवली की झालं.

हो, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात, मधे ई असलेला नंबर तर दहाच्या घातात जातो. कॉलम आधी टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करायचा.

जुना_गिअर:
वरचं बरोबर आहे पण गाड्यांची यादी स्वतः बनवत बसू नका राव. उत्तर अमेरिकेत एसीईएस (फिटमेंटचा डेटा मांडायचं ठरलेलं स्टँडर्ड) चालतं, ऑटो केअर असोसिएशनचं, त्यात साल+कंपनी+मॉडेल मिळून एक बेस व्हेइकल आयडी असतो. युरोपकडे टेकडॉक नावाचा पार्टचा कॅटलॉग, तिथे गाडीच्या प्रकाराला के-टाइप नंबर, आणि तो सालावर नाही तर इंजिन आणि उत्पादनाच्या महिन्यांवर चालतो, म्हणून एकातून दुसऱ्यात सरळ कॉपी होत नाही. दोन्हीला पैसे मोजावे लागतात, पण आधी सप्लायरला विचारा त्याच्याकडे यातल्या फॉरमॅटची फाइल आहे का, मोठ्या ब्रँडकडे बहुतेक असते, मागितल्याशिवाय देत नाहीत.

तुमचे रिटर्न मात्र सालामुळे नसतील असं वाटतं. त्याच सालात त्याच मॉडेलला दोन मापाच्या डिस्क असतात, नाहीतर वर्षाच्या मधेच कंपनी कॅलिपर (ब्रेक पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) बदलते. ही अट ("२८० मिमी डिस्क", "पुढचा डावा", "एबीएस असल्यास") त्या मधल्या टेबलात वेगळ्या कॉलमला हवी आणि गिऱ्हाइकाला कार्टच्या आधी दिसली पाहिजे, खाली कुठेतरी नोट लिहून कोणी वाचत नाही.

पार्टवाला:
भारी. मग गिऱ्हाइकाकडून सरळ व्हीआयएन (गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर) घेतला तर? भानगडच नको.

जुना_गिअर:
घ्या की, पण नुसत्या १७ अक्षरांत डिस्कचं माप लिहिलेलं नसतं, ते कंपनीच्या डेटाशी जुळवलं तरच कळतं. दहावं अक्षर म्हणजे मॉडेल इयर हेही सगळीकडे धरून चालू नका, उत्तर अमेरिकेत ते सक्तीचं आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर. आय, ओ, क्यू ही अक्षरं मात्र येत नाहीत, तेवढं फॉर्ममध्येच अडवा.

डेटा_हमाल:
अजून एक. डेटा नसलेला पार्ट "सगळ्या गाड्यांना चालतो" मधे पडू देऊ नका, ड्रॉपडाउनसाठी साइटला जोडायच्या बऱ्याच तयार प्लगइनमध्ये रिकामं म्हणजे युनिव्हर्सल धरतात आणि मग वायपर शोधणाऱ्याला क्लच प्लेट दिसते. बसतो, बसत नाही आणि माहीत नाही असे तीन वेगळे स्टेटस ठेवा, तिसऱ्यावर "गाडीचा तपशील पाठवा" एवढं बटण. विक्री थोडी कमी होईल, होऊ दे, परत येणाऱ्या पार्सलचं भाडं त्याहून जड पडतं.