न्यायमूर्ती रानडे यांच्या संग्रहातील म्हणून मिळणारे पुस्तक: खात्री कशी करावी?

प्रश्न (कोथरूड):
अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका विक्रेत्याकडे 1880 च्या दशकात लंडनमध्ये छापलेला अर्थशास्त्रावरील ग्रंथ आहे. पहिल्या कोऱ्या पानावर ‘एम. जी. रानडे’ अशी इंग्रजी स्वाक्षरी आणि समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे हे पुस्तक असल्याचे सांगून विक्रेता त्या मानाने किंमत मागतो. त्यांनी वाचलेला एखादा ग्रंथ आपल्याकडे असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. खात्री कशी करावी?

प्रतिसाद (सदाशिव पेठ):
केवळ स्वाक्षरीवर विसंबू नये. पुण्यात रानडे घराणी पुष्कळ असल्याने त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या कोणाचे हे पुस्तक असू शकते. म्हणजे स्वाक्षरी अस्सल असूनही दावा चुकीचा ठरू शकतो. स्वाक्षरीखाली गाव व तारीख आहे का, ते पाहावे. न्यायमूर्ती 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 16 जानेवारी 1901 रोजी निवर्तले, हे लक्षात घेऊन ती ताडून पाहता येईल.

मला खरे मोल समासातील टिपांचे वाटते. इंग्लंडमधील अर्थशास्त्राचे सिद्धांत हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, असे प्रतिपादन न्यायमूर्तींनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात केले होते. त्या विचाराची पूर्वतयारी या टिपांत दिसत असेल आणि अक्षरही त्यांच्या मूळ पत्रांतील अक्षराशी जुळत असेल, तर स्वाक्षरी नसती तरी मी हे पुस्तक घेतले असते. फक्त ही तुलना जुन्या हस्ताक्षरांच्या जाणकाराकडून करून घ्यावी.

प्रतिसाद (डेक्कन जिमखाना):
पुस्तक विक्रेत्याकडे कोणाकडून आले, हे लेखी मागावे. एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का किंवा दाखल क्रमांक असेल आणि पुस्तक संग्रहातून काढून टाकल्याची नोंद नसेल, तर आधी त्या ग्रंथालयाकडे चौकशी करावी. पुस्तक त्यांचे निघाल्यास ते परत जायला हवे. शिवाय, शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

प्रतिसाद (कर्वेनगर):
घेतलेत, तर नवी बांधणी करण्याची घाई करू नका. बाइंडर कडा कापतात आणि त्यांबरोबर समासातील अक्षरेही जातात. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नये, टिपा खोडू नयेत आणि मूळ पुठ्ठा सुटला असला तरी जपून ठेवावा.