मदत हवी आहे: वाचा-श्रवण विज्ञानाची ऑनलाइन पदवी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी भांडुपला बालवाडीत शिकवते. उशिरा बोलणारी, नीट ऐकू न येणारी मुलं वर्गात येतात आणि घरचे "बोलेल हळूहळू" म्हणत मोलाची वर्षं घालवतात. ते बघवत नाही, म्हणून हे शास्त्र रीतसर शिकायचंय.

वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेतला बीएएसएलपी, म्हणजे याच विषयाचा पदवी अभ्यासक्रम, माहीत आहे. चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. पण नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण सांभाळून रोज पूर्ण वेळ जाणं जमणार नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांची ऑनलाइन पदवी आहे, पण तिथे स्पीच थेरपिस्ट व्हायला पुढे मास्टर्स लागतं. आणि आपल्याकडे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही.

अशी पदवी घेऊन कुणी परिषदेकडे नोंदणी मिळवली आहे का? क्लिनिकचे तास मुंबईत कुठे, कोणाच्या देखरेखीखाली केले? कानाची रचना, ध्वनिशास्त्र घरून समजेलही. पण मुलासमोर बसून थेरपी देणं स्क्रीनवरून कसं येणार, ही माझी खरी चिंता. जे शिकताहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फीचा अंदाजही द्या.