हलकी पिनो न्वार (एक लाल वाईन) कुणी पिलीय का?

जालनेकर: भावानं अमेरिकेतल्या ऑरेगॉनहून एका छोट्या वायनरीची पिनो न्वार आणली, रंग इतका फिका की ग्लासातून पलीकडचं दिसायलंय, पण वास चेरीचा न जरा ओल्या मातीचा, लई आवडली राव, नाशिकच्या शिराज वाईनसारखी घशाला धरत नाही. इतकी हलकी कशी काय?

बीडकर: द्राक्षाची सालच पातळ असते हो, म्हणून रंग न टॅनिन (सालीतला तुरटपणा) कमी. मूळची फ्रान्सच्या बर्गंडीतली, थंड हवा लागते तिला. आपल्याकडं अवघडच.

लातूरकर: दीड तास फ्रीजमध्ये ठेवून 13-14 अंशाला प्या. आपल्या उन्हाळ्यात रूम टेंपरेचर म्हणजे काढाच की!

जालनेकर: सोबत काळ्या मसाल्याचं मटण चालंल का?

बीडकर: नको, चवच लागणार नाही वाईनची. साधं भाजलेलं चिकन नायतर मशरूम करा.