प्रतिसाद: फुकटची जगभ्रमंती? छे!

कुणीतरी लिहिलंय की ही मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ) पोरं धर्मप्रचाराच्या नावाखाली दोन वर्षं चर्चच्या पैशावर फुकट हिंडतात. तसं नाहीये हो. खर्च पोराचा नाहीतर घरच्यांचा. अमेरिकन मुलांना 2020 पासून महिना 500 डॉलर भरावे लागतात.

सॉल्ट लेक सिटीत आमच्या दारी अशा प्रचारकांची जोडी यायची. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी: 'एल्डर' अमुक. एल्डर म्हणजे ज्येष्ठ, आणि वय एकोणीस! चहा विचारला तर दोघंही लाजले. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. मग कोकम सरबत दिलं, तर ग्लास उजेडात धरून बघत बसले.

साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद, जोडीदाराला सोडून कुठे जायचं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, तेवढा कपडे धुवायला, किराण्याला. घरी फोनही तेव्हाच. तोसुद्धा 2019 पासून, आधी फक्त नाताळ आणि मदर्स डेला. त्यांचा धर्म मला पटत नाही, ते सोडा. पण त्यातल्या एकाच्या शर्टाची कॉलर स्वतःच शिवलेली होती, वेड्यावाकड्या टाक्यांनी.