अफगाण चर्चचं साल कोणतं धरायचं, आणि आत काय दाखवायचं?

प्रश्न
वारसाफेरीसाठी कुलाब्याच्या अफगाण चर्चवर टिपण करतोय. साल कुठे १८४७, कुठे १८५८, कुठे १८६५ सापडतं. शिवाय तासाभरात लोकांना काय दाखवावं? ‘गॉथिक (युरोपातली टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली) आहे’ एवढं सांगून सुटायचं नाही.

उत्तर १
तिन्ही सालं बरोबर आहेत, घटना वेगळ्या. पायाभरणी डिसेंबर १८४७, अर्पणविधी (म्हणजे चर्च उपासनेसाठी खुलं करण्याचा विधी) ७ जानेवारी १८५८, मनोऱ्याचं टोक पूर्ण झालं १० जून १८६५ ला. पैसा कमी पडला म्हणून मनोरा मागे राहिला; पुढे देणगीदारांत दानशूर पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडीमनीही होते. एकच साल लिहायचं तर १८५८ लिहा. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. आणि हे चर्च म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक, पण फक्त अफगाणिस्तानातल्या मृतांचं नाही, सिंधच्या मोहिमेतल्यांचंही आहे. स्मृतिलेखात १८३८ ते १८४३ असा काळ आहे. हे बहुतेक फेऱ्यांत सुटतं.

उत्तर २
आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा. त्याआधी इंग्रज वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा आला होता, पण तो खर्चिक ठरला. शैली तेराव्या शतकातल्या इंग्लंडची. ओळखायची कशी? खिडक्या पाहा: उंच, अरुंद, वर टोकदार. नंतरच्या गॉथिकमधली दगडी जाळीची नक्षी इथे शोधत बसू नका.

पश्चिमेकडून सुरुवात करा. मधलं उंच दालन, दोन्ही अंगांना पडव्यांसारखे भाग, समोर पूर्वेला वेदी. मनोरा सुमारे १९८ फूट; जागा देताना तो दुरून, जहाजांवरूनही दिसावा अशी अट होती. पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या, आतला पडदा (कापडी नव्हे, वेदीपुढची आडभिंतीसारखी जाळी) आणि बाकं इंग्रज वास्तुकार विल्यम बटरफील्ड यांच्या आराखड्याची. फेरी सकाळी ठेवा: पूर्वेची काच तेव्हाच उजळते, पश्चिमेची दुपार कलल्यावर. भरदुपारी दोन्ही मंद.

सीएसएमटी, राजाबाई टॉवर हे सगळं यानंतरचं, हेही सांगाच. क्रम उलटा धरला की अफगाण चर्च त्यांची नक्कल वाटतं.

प्रश्नकर्ता
धन्यवाद! अशा जुन्या दगडी चर्चच्या भिंतींवर पांढरे डाग आणि सुटलेले पापुद्रे दिसतात. लोक विचारतात, काय सांगू?

उत्तर ३
डाग म्हणजे क्षार. भिंतीतलं पाणी सुकताना ते पृष्ठभागावर आणतं. जुनं बांधकाम चुन्याचं, म्हणजे ओल सांध्यांतून बाहेर पडायची. सांधे सिमेंटने भरले की तो रस्ता बंद. मग ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. बेसाल्ट बराच तग धरतो, पण पोरबंदरचा चुनखडीचा दगड मऊ, त्याची धार लवकर झिजते.

दुरुस्तीत सिमेंट छिन्नीने हलकेच काढायचं, यंत्राने नाही, नाहीतर दगडाच्या कडा उडतात. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करायचा, झाडून ओला करायचा, मग साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू भरायची. वर ओलं गोणपाट काही दिवस. उन्हात घाईने सुकवलं तर चिरा पडतात, आणि भर पावसात काम काढलं तर चुना वाहून जातो.

उत्तर १
एक पुरवणी: टिपणात ‘पॅरिश चर्च’ (म्हणजे आसपासच्या वस्तीचं स्थानिक चर्च) लिहिताना जपून. मुळात ते कुलाब्याच्या छावणीशी जोडलेलं. १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चसंघाकडे.