लेहला बदली झाली तर पिकअप इथेच एक्स्चेंजला द्यावी की सोबत न्यावी?

वडगावकर
आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातून सैन्यात, सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर, नाहीतर ठेकेदारीसाठी लेह-कारगिलकडे जाणारे कमी नाहीत. दोन-तीन वर्षं तिकडे राहायचं ठरलं की दारातल्या पिकअपचं काय, हा प्रश्न हमखास येतो. इथे फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या पिकअपबद्दल बोलू, आपल्याकडे बहुतेक त्याच आहेत.

माझं मत: ती इथेच एक्स्चेंजला द्यावी आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी घ्यावी. रिकाम्या पिकअपचं वजन इंजिन आणि केबिनमुळे पुढच्या एक्सलवर, जोर मात्र मागच्या चाकांना. मागे हौदा रिकामा आणि पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टनभर माल उचलायला कडक बसवलेले, त्यामुळे चाक रस्त्यावर नीट दाबलंच जात नाही. चोर्ला घाटात पावसात रिकामी गाडी मागून सरकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे निदान डांबराची पकड असते. दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर तीही नाही.

शिवाय बऱ्याच बेसिक मॉडेलमध्ये हीटर नसतो. केबिनमध्ये तीन माणसं बसली की श्वासाची वाफ पुढच्या काचेवर आतून गोठते. कापडानं पुसली तर पातळ थर पसरतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात काहीच दिसत नाही.

उद्यमबाग_डिझेल
पाट्यांचं आणि हीटरचं पटतं. पण थंडीच्या धास्तीनं चालू गाडी मातीमोल भावात घालवायची, हे नाही पटत. डिझेल गाडी थंडीत अडते त्याची कारणं मोजकी आहेत आणि बरीचशी इथेच, निघायच्या आधी निस्तरता येतात.

सगळ्यात आधी कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण. आपल्याकडे रेडिएटर कमी झाला की नळाचं पाणी ओतायची सवय. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, मग इंजिनच्या ब्लॉकचे प्लग बाहेर येतात नाहीतर ब्लॉकच तडकतो. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर उणे 35 च्या आसपासपर्यंत काळजी नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. 70 टक्क्यांच्या पुढे गेलं की मिश्रण उलट लवकर गोठायला लागतं आणि इंजिनची उष्णताही नीट वाहून नेत नाही.

फ्लश करताना नुसता रेडिएटरचा खालचा नळ उघडून भागत नाही, ब्लॉकमध्ये जुनं पाणी राहतंच. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, हीटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवायचा, पाणी काढायचं, हे दोनदा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. मग एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) आधी ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरायची. इथे बरेच जण आधीच पाणी मिसळलेलं तयार प्रीमिक्स ओततात आणि ब्लॉकमध्ये उरलेल्या पाण्यानं ते पातळ होतं. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण कितीला गोठेल ते दाखवणारं उपकरण) दोन थेंब टाकून बघा, अंदाजावर सोडू नका.

इंजिन ऑइल 15डब्ल्यू-40 असेल तर बदला. 15डब्ल्यूची क्रँकिंगची (थंड इंजिन स्टार्टरनं फिरतं का याची) कसोटी उणे 20 ला घेतात, 5डब्ल्यूची उणे 30 ला. लेहला जानेवारीत पहाटे उणे 15 सहज होतं, म्हणजे 15डब्ल्यू अगदी काठावर. मॅन्युअलमध्ये मान्य असलेलं 5डब्ल्यू घ्या, आणि डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) असेल तर कमी राख सोडणारं.

बॅटरी: उणे 18 ला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. पूर्ण चार्ज असेल तर ती गोठायचा प्रश्न नाही. पूर्ण उतरलेली असेल तर उणे 10 च्या आसपासच आतलं पाणी गोठून डबा फुटतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) एकेक काढून मल्टिमीटरला लावा. चांगला प्लग एखाद ओहम दाखवतो, गेलेला असेल तर काहीच दाखवत नाही. आपल्याकडे डिसेंबरातही दोन प्लग गेलेले असले तरी गाडी सुरू होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

होनगेकर
आणि डिझेल गोठतं त्याचं काय ओ? जुने ड्रायव्हर टाकीत रॉकेल घालायचे म्हणतात.

उद्यमबाग_डिझेल
जुन्या पंपाच्या गाड्यांत चालून जायचं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे जास्त दाबानं डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनांत, अजिबात नको. त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेलमध्ये ते कमी पडतं, पंप आतून खरवडला की त्याचा किस इंजेक्टरपर्यंत जातो. बीएस-6 गाडीत तर सल्फरमुळे सायलेन्सरकडची यंत्रणाही बिघडते.

डिझेल एकदम गोठत नाही, आधी त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोंदतो. गाडी सुरू होते, पाच मिनिटं चालते आणि दम टाकते, ती हीच तक्रार. आपल्या मानकात फिल्टर चोंदण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला 18 अंश आणि हिवाळी डिझेलला 6 अंश आहे, उणे तापमानाची हमी त्यात नाहीच. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 पासून उणे 33 पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं. म्हणून उन्हाळ्यात भरलेलं डिझेल ऑक्टोबर संपायच्या आत वापरून टाकायचं आणि टाकी तिथल्या हिवाळी डिझेलनं भरायची. त्याच वेळी फिल्टर बदला, कारण फिल्टरच्या तळाला साचलेलं पाणी तिथल्या डिझेलमधल्या मेणाच्याही आधी गोठतं. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असेल तर ते द्रावण उणे 11 ला गोठतं, पण टाकीत त्यासाठी हीटर असतो, घाबरायचं कारण नाही.

चिक्कोडी_कागदपत्र
गॅरेजमधली चर्चा चांगली चालली आहे, पण गाडी न्यायची की द्यायची हे अर्धं बोर्डाच्या, म्हणजे नंबरप्लेटच्या रंगावर ठरतं: पांढरा खाजगी, पिवळा व्यावसायिक.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 47. त्यासाठी आधी इथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती, फिटलेलं असेल तर फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवायचा. चलन, विमा, पीयूसी यातलं काही थकलं असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तिकडे पोचल्यावर फॉर्म 27.

पांढरा बोर्ड असेल आणि नोकरी लष्करात किंवा सरकारी असेल तर बीएच मालिका (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) हा सरळ रस्ता. डिसेंबर 2022 च्या नियमदुरुस्तीनंतर जुन्या नोंदणीच्या गाडीलाही ती घेता येते, फक्त कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत भरायचा. पिवळ्या बोर्डाला मात्र बीएच नाही. त्याला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस, शिवाय एकूण वजन 3000 किलोच्या वर असेल तर परमिटही आलं. पिवळ्या बोर्डाची गाडी घरच्या वापरासाठी लेहपर्यंत न्यायची म्हणजे नसता व्याप. इथे मी वडगावकरांच्या बाजूनं.

कडोलीकर
द्यायची म्हणजे एक्स्चेंजलाच का? एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीचा भाव आणि नव्या गाडीची सूट एकाच आकड्यात कालवतात आणि गिऱ्हाईकाला बोनस मिळाल्यासारखं वाटतं. शोरूमला दोन वेगळे आकडे लेखी मागा: जुनी न देता नवीवर किती सूट, आणि नवी न घेता जुनीचा भाव किती. दोन्ही हातात आले की खरा बोनस किती ते तिथेच दिसतं.

तपासणारा काय बघतो तेही माहीत असू द्या. हौद्याचा पत्रा उचकटून खालचे क्रॉस मेंबर (आडव्या पट्ट्या) गंजलेत का, चासीला वेल्डिंग झालंय का, मागचे पाटे सरळ झालेत का. पाटे सरळ म्हणजे गाडी ओव्हरलोड चाललेली, तिथेच भाव पडतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात राहिलेल्या गाडीचा हौदा बाहेरून रंगवलेला असतो आणि आत चिखल धरून बसलेला असतो. म्हणून दाखवायच्या आधी प्रेशरनं धुवा, पण नवीन रंग मारू नका. ताजा रंग दिसला की लपवाछपवीचा संशय येतो.

आणि गिऱ्हाईक निपाणीच्या अलीकडचंच बघा. कागल-गडहिंग्लजचा माणूस केए (कर्नाटकचा) नंबर घेताना एनओसी आणि महाराष्ट्राचा कर दोन्ही वजा करूनच भाव सांगणार. दुसरं, 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली, त्यामुळे त्याआधीचे जुन्या गाडीचे भाव डोक्यात धरून बसू नका.

शहापूर_विमा
कडोलीकर, बाहेर विकल्यावर चार पैसे जास्त येतात हे मान्य. पण इथे विकणारा माणूस महिनाभरात लडाखला जाणार आहे, हे विसरू नका. घेणाऱ्यानं आरसी नावावर करून घेतली नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीनकुमार खटल्यात तेच सांगितलं. लेहमधून बेळगावच्या कोर्टाच्या तारखा कशा सांभाळणार? सह्या केलेले कोरे फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे) एजंटाच्या हातात ठेवून जाणं तर मुळीच नको.

अधिकृत डीलरला दिली तर फॉर्म 29सी ची सूचना पोर्टलवर जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी डीलरची. एप्रिल 2023 पासून ही सोय आहे. मात्र डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल तरच, ते आधी बघून घ्या. या शांततेसाठी थोडा भाव कमी घेतला तरी चालतो. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नका, तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

होनगेकर
न विकता, न नेता भावाकडे ठेवली तर? शेतीला उपयोगी पडेल की.

शहापूर_विमा
रोज वापरणार असेल तर ठेवा, पण वरच्या परिच्छेदातली जबाबदारी तशीच मालकावर राहते. निदान थर्ड पार्टी विमा आणि भावाच्या लायसन्सची मुदत बघून जा. नुसती शेडमध्ये उभी करणार असाल तर दोन वर्षांत बॅटरी, टायर आणि डिझेलची टाकी तिन्हींची वाट लागते.

वडगावकर
उद्यमबागवाल्यांनी इंजिनाचं सगळं नीट सांगितलं, त्यावर वाद नाही. पण इंजिन सुरू होणं आणि गाडी वळणावर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय खर्च बघा. बेळगाव ते मनालीमार्गे लेह हे अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. लिटरला 13 धरले तर 210 लिटर डिझेल, म्हणजे जाताना एकोणीस-वीस हजार, टोल वेगळा. त्यात बॅटरी, कुलंट, ऑइल, चार टायर मिळवा. सात-आठ वर्षं चाललेल्या पिकअपवर एवढं घालून हाती काय, तर पुन्हा टू व्हील ड्राइव्हच.

उद्यमबाग_डिझेल
सात-आठ वर्षांची, पिवळा बोर्ड, हीटर नाही, अशी असेल तर द्या, मीही तेच सांगीन. माझा मुद्दा तीन-चार वर्षांच्या, हीटर असलेल्या पांढऱ्या बोर्डाच्या गाडीपुरता. तिला तोडीस तोड फोर बाय फोर घ्यायची म्हणजे वर बरेच लाख घालावे लागतात. एवढे पैसे फक्त तीन-चार महिन्यांच्या बर्फासाठी.

अशी गाडी न्यायची असेल तर वाळूची पोती 150 ते 200 किलो, बरोबर मागच्या एक्सलच्या वर, दोरीनं घट्ट बांधून. मागच्या फळीला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. टायरच्या बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर चारही चाकांना, फक्त मागे नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरएवढा हवा, कारचे टायर मापात बसले तरी हौद्याच्या वजनाला टिकत नाहीत. चेन मागच्या चाकांना, वेग 40 च्या आत, आणि मोकळं डांबर लागलं की लगेच काढायची. उतारावर ब्रेकपेक्षा दुसऱ्या गिअरवर भर द्या.

चिक्कोडी_कागदपत्र
न्यायची ठरली तर एनओसीचा अर्ज निघायच्या महिनाभर आधी टाका. नाहीतर बदलीची तारीख जवळ येते आणि गाडी इथेच अडकते. कर्नाटकात भरलेल्या आजीव कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तिकडची नवी नोंदणी दाखवल्यावर. म्हणून जुन्या कराची पावती आणि एनओसीची प्रत फेकू नका.

होनगेकर
रात्री गाडी उभी करताना काही वेगळं करायला लागतं काय?

उद्यमबाग_डिझेल
हँडब्रेक ओढू नका. चाकं ओली असताना ओढला तर मागच्या ड्रमला लायनर गोठून चिकटतो आणि सकाळी जोर लावला की लायनरच उखडून येतो. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली दगड लावायचे. वायपर काचेपासून उचलून ठेवा.